डांबर रोजचं, रान आठवड्याचं: सोलापुरात ऑफ-रोड गाडीला टायर निवडताना

थार, जिम्नी किंवा गुरखा दारात आली की पहिल्या महिन्यात दोन गोष्टी ठरलेल्या. घरचे सगळे तिच्यात बसून तुळजापूर-अक्कलकोट करून येतात, आणि गाडीचा मालक टायर बदलायच्या विचाराला लागतो. कारखान्यातून आलेले टायर त्याला एकदम किरकोळ वाटायला लागतात.

माझंही तसंच झालं. जुळे सोलापुरात घर, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात वडिलोपार्जित शेत. पाणंदीत गाडी रुतेल या भीतीनं मी पहिल्या पावसाळ्याआधीच मोठ्या बटनांचे, म्हणजे रबराच्या मोठ्या ठोकळ्यांचे, चिखलासाठीचे मड टेरेन टायर घातले. दीड वर्षात ते दोनदा उपयोगी पडले. पण जूनच्या पहिल्या पावसात, बेगमपूरच्या पुलाच्या अलीकडे, पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारला. मीही वेळेवर मारला. ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस पायाखाली थडथडत होतं आणि गाडी ओल्या डांबरावरून सरकत चालली होती. हातभर अंतर राहिलं तेव्हा थांबली. शेजारच्या सीटवर आई बसली होती. घरी आल्यावर मी टायर या विषयाचा पहिल्यापासून अभ्यास करायला घेतला, आणि तेव्हापासून नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत आलोय: टायर चिखलातल्या एका दिवसासाठी निवडू नका, डांबरावरच्या बाकीच्या दिवसांसाठी निवडा आणि चिखलाचं वेगळं बघा. ते कसं बघायचं, ते क्रमानं सांगतो.

आधी महिनाभराचा हिशोब

दुकानात जाण्याआधी एक वही गाडीत ठेवा. महिनाभर रोज रात्री लिहा: आज किती किलोमीटर झाले, त्यातले डांबरावर किती, मुरमाच्या रस्त्यावर किती, आणि खरोखर रस्ताच नाही अशा जागी किती. अंदाजानं लिहू नका, ट्रिप मीटर बघून लिहा. आपला अंदाज नेहमी रानाच्या बाजूनं चुकतो, कारण लक्षात रानच राहतं.

माझा हिशोब असा निघाला. कामाला जाऊन-येऊन रोजचे ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,०००. पुण्याची एक फेरी ५००. शेताच्या चार फेऱ्या मिळून ४८०, पण त्यात पाणंद जाताना ३ आणि येताना ३ किलोमीटर, म्हणजे चार फेऱ्यांची २४. एकूण १,९८० किलोमीटरमध्ये कच्ची वाट २४ किलोमीटर, शंभरात सव्वासुद्धा नाही. हा आकडा वहीत उतरल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

तुमचा आकडा शंभरात पाचच्या आत आला, तर नवे टायर घ्यायची घाई करू नका. आहेत ते टायर झिजेपर्यंत वापरा, आणि तोपर्यंत हवा भरायचा एक चांगला कंप्रेसर, हवा मोजायचा गेज आणि पंक्चरचं किट घ्या. एवढ्यावरच बऱ्याच जणांचा प्रश्न सुटतो. का सुटतो, ते हवेबद्दल सांगताना येईलच.

आपलं रान कोणतं आहे

ऑफ-रोडची माहिती शोधायला गेलं की हिमालय, लडाख, कोकणातला लाल चिखल, राजस्थानची वाळू हेच पुढं येतं. सोलापूर जिल्ह्याची जमीन यातल्या कशासारखीच नाही. पर्जन्यछायेतला हा भाग वर्षातला बहुतेक काळ कोरडा असतो. इथं टायरला त्रास देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

सगळ्यात आधी काळी माती. हिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय. टायरच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा, की एकाच पाणंदीचे वर्षात दोन वेगळे रस्ते होतात. मे महिन्यात तीच वाट सिमेंटसारखी टणक असते, चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या असतात, आणि साधा टायरही त्यावरून आरामात जातो. सप्टेंबरात पाऊस झाला की तीच माती टायरच्या नक्षीत जाऊन बसते आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. चार-पाच फेऱ्यांत नक्षी भरून जाते आणि नवाकोरा टायर गोटा झाल्यासारखा फिरतो. मड टेरेनच्या बटनांमधली जागा मोठी असते, त्यामुळं चाक जोरात फिरवलं तर थोडी माती फेकली जाते. पण मंगळवेढ्याकडं काळी माती काही ठिकाणी पुरुषभर खोल आहे. खाली टणक थरच हाताशी नसतो. चाक जितकं फिरवाल तितकी गाडी खाली जाते, आणि शेवटी पोट जमिनीला टेकतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ओल्या काळ्या रानावर टायर हा उपाय नाही. उपाय शेतकऱ्याला माहीत आहे, त्याला वाफसा म्हणतात, म्हणजे जादा ओल जाऊन माती कामाजोगी होणं. वाफसा आल्याशिवाय कोणी रानात तिफण घालत नाही, मग दोन टनाची गाडी कशाला घालायची? वडील करायचे तीच परीक्षा मी करतो. वाटेतली मूठभर माती घ्यायची, मूठ दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा पडून फुटला तर वाफसा आलाय, गाडी जाईल. तळहाताला माती चिकटून राहिली, किंवा गोळा जमिनीवर चपटा बसला, तर गाडी डांबराच्या कडेला लावायची आणि चालत जायचं. यात आणखी एक गोष्ट आहे. ओल्या पाणंदीत तुमच्या टायरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्या की वर्षभर बैलगाडीला आणि दुचाकीला त्रास देतात. पाणंद आपल्या एकट्याची नसते.

दुसरं रान मुरमाड माळाचं. सांगोला, करमाळा, उत्तर सोलापूरचा काही भाग, बार्शीकडून बालाघाटच्या बाजूला चढत गेलेली जमीन. इथं चिखलाचा त्रास फार नाही, पण सुटी खडी आणि धारेचे दगड आहेत. टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, इथं कापली जाते. नक्षी कितीही खोल असली तरी बाजू पातळ असेल तर उपयोग नाही, आणि बाजूला पडलेलं छिद्र कुठलाही प्रामाणिक पंक्चरवाला जोडून देणार नाही. तो टायर गेलाच.

नान्नजचा माळ मात्र गाडीच्या विचारातूनच वगळा. ते माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, आणि गवतात ते माणसाच्या डोळ्यालासुद्धा दिसत नाही, गाडीच्या सीटवरून तर नाहीच. काळवीट बघायचे असतील तर परवानगीच्या वाटेनं, सावकाश.

तिसरं, भीमा-सीनेच्या पात्रातली वाळू. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, म्हणून मी पात्रात गाडी घालत नाही आणि तुम्हालाही घालू नका म्हणेन. काठावरच्या वाळूतून जायची वेळ आली तर तिथं टायरच्या जातीपेक्षा हवा कमी करणं जास्त कामाला येतं.

आणि मग काटे. सोलापुरात टायर घेताना याचा विचार न करणारा माणूस बाहेरचा असावा. बाभळीचा काटा बोटभर असतो, वेडी बाभूळ तर प्रत्येक ओढ्याच्या काठाला आहे. काटा आत जाऊन मोडतो, ट्यूबलेस टायर लगेच बसत नाही, आणि दोन दिवसांनी सकाळी ऑफिसला निघताना एक चाक अर्धं दिसतं. तुरीचं रान काढल्यावर राहिलेली धसकटं त्याहून वाईट. विळ्यानं तिरपं कापलेलं ते खुंट वाळलं की सुळ्यासारखं होतं आणि सरळ बाजूत घुसतं. ट्रॅक्टरवाले यापायी किती टायर घालवतात ते एकदा विचारून बघा. तूर काढलेल्या रानात गाडी घालायचीच नाही, हा नियम मी पाळतो.

मे महिन्यातलं डांबर

आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या वर जातो. त्या वेळी काळ्या डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढं तापलेला असतो. ऑफ-रोड टायर विकणारा चिखलाचे फोटो दाखवतो, पण तुमचा टायर वर्षातले तीन-चार महिने या तव्यावर चालणार आहे.

फिरणारा टायर दर फेरीला जमिनीजवळ दबतो आणि पुन्हा सरळ होतो. या दबण्या-सुटण्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो. त्यात माणसं आणि सामानाचा भार, वरून पुणे महामार्गावरचा १००चा वेग आणि बाहेरचं ४३ अंश. चारही गोष्टी एकत्र आल्या की टायर फुटतो. उन्हाळ्यात टायर फुटून झालेल्या अपघातांमागं बहुतेक वेळा कमी हवा किंवा म्हातारा टायर असतो, जास्त हवा क्वचित.

म्हणून दुपारी गेज लावल्यावर आकडा वाढलेला दिसला तरी घाबरून हवा सोडू नका. सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा दुपारी महामार्गावर ३७-३८ दिसणं स्वाभाविक आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की एक पीएसआय वाढते. कंपनीनं दिलेला आकडा थंड टायरचाच असतो, त्यात ही वाढ धरलेली असते. गरम टायरची हवा सोडली तर संध्याकाळी थंड झाल्यावर ती कमी भरते, आणि दुसऱ्या दिवशी तोच कमी हवेचा टायर तुम्ही तापायला नेता.

पेट्रोल पंपावर नायट्रोजन भरू का, असं हमखास विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजननं नुकसान काही नाही, पण ‘नायट्रोजन आहे म्हणजे महिनाभर बघायला नको’ असं समजून गेज पेटीत ठेवून दिला तर नुकसान आहे.

एचटी, एटी, एमटी

आता जाती. एचटी म्हणजे हायवे टेरेन. नक्षी बारीक, नवीन असताना साधारण ८ मिलिमीटर खोल, आवाज कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली, मायलेज चांगलं. जिम्नीवर कंपनीकडून येतात ते याच जातीचे.

एटी म्हणजे ऑल टेरेन. नक्षीचे ठोकळे मोठे, खोली साधारण १० ते १२ मिलिमीटर, आणि प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा पाडलेल्या असतात. या चिरांना कमी लेखू नका. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर त्याच तोडतात, आणि ब्रेक लागतो तो त्यांच्यामुळं. एटीमध्येही दोन तऱ्हा आहेत: काही एचटीला थोडी टोकदार कड देऊन एटी म्हणवतात, काही जवळपास एमटीसारख्या असतात. नावावर जाऊ नका, टायर समोर ठेवून बघा. मधल्या पट्ट्यात ठोकळे एकमेकांजवळ, त्यावर भरपूर चिरा, आणि खांद्याला, म्हणजे नक्षी बाजूकडं वळते तिथं, मोकळी जागा. असा एटी आपल्या वापराला बसतो.

एमटी म्हणजे मड टेरेन. बटनं मोठी आणि एकमेकांपासून लांब, चिरा जवळपास नाहीत, बाजू जाड. खडकात आणि कोकणातल्या चिखलात त्याला तोड नाही. पण गुळगुळीत डांबराला रबर कमी टेकतं, त्यामुळं ओल्यात ब्रेकला जास्त अंतर लागतं. ८०च्या पुढं घोंघावतो आणि तो आवाज टायर झिजेल तसा वाढत जातो. वजनदार असल्यानं डिझेल जास्त पितो. तापलेल्या डांबरावर बटनाची एक कड जास्त झिजते. गॅरेजमध्ये याला टायरला दात पडले म्हणतात. माझ्या सेटला सात महिन्यांतच दात पडले होते.

माझा सल्ला असा. वहीतला कच्चा रस्ता शंभरात पाचच्या आत असेल तर चांगल्या कंपनीचे एचटी. पाच ते तीसच्या मध्ये असेल, किंवा रोज मुरमाच्या रस्त्यानं शेतावरच्या घरी जावं लागत असेल, तर एटी. एमटी फक्त त्यांनी घ्यावेत ज्यांची गाडी तिसरा हिस्सा किंवा जास्त खरोखर रस्त्याबाहेर असते, किंवा ज्यांच्याकडं रिमसकट दुसरा सेट ठेवायला जागा आहे. दिसायला छान दिसतात म्हणून एमटी घालणाऱ्याला मी थांबवत नाही. गाडीवर माणसाचं प्रेम असतं, ते मला कळतं. फक्त पहिल्या पावसात पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट ठेवा, एवढं मनापासून सांगतो.

काट्यांचं काय? खोल नक्षीच्या एटीत छोटा काटा आतपर्यंत पोचत नाही, हा इथल्या माणसाला मोठा फायदा आहे. माझा आकडा पाचच्या आत असूनही मी एटी घातले ते या काट्यांपायी, आणि पंक्चरांची संख्या स्पष्ट कमी झाली. बाजूच्या मजबुतीसाठी दुकानात विचारा, साइडवॉलला किती थर आहेत. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागात, किती आणि साइडवॉलमध्ये किती थर ते छापलेलं असतं. दगडाच्या माळावर नेहमी जाणाऱ्यानं तीन थरांचा शोधावा, बाकीच्यांना दोन पुरतात. एलटी लिहिलेले टायर छोट्या ट्रकच्या कामाचे, जाड आणि कडक असतात. तेवढाच भार पेलायला त्यांना जास्त हवा लागते, आणि रोजच्या वापरात प्रत्येक गतिरोधक कमरेला कळतो. जड सामान वाहत नसाल तर रोजच्या गाडीला ते मी घेणार नाही.

टायरच्या अंगावर काय लिहिलंय

नव्या थारच्या वरच्या मॉडेलवर २५५/६५ आर १८ असं माप असतं. २५५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १८ म्हणजे रिम इंचात. त्यापुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा भाराचा: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १११ म्हणजे १,०९० किलो, एका टायरला. अक्षर वेगाचं: क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९० किलोमीटर. कंपनीनं दिलेल्या भाराच्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नका, मग दुकानदार कितीही स्वस्तात देवो.

डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. आयएसआयची खूणही बघून घ्या.

मोठं माप घ्यावं का

नवीन माणसाचा सगळ्यात जास्त जीव या प्रश्नात अडकलेला असतो. हिशोब स्वतः करा, अवघड नाही. रुंदीला टक्क्यानं गुणून दुप्पट करायचं, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५: १९५च्या ८० टक्के १५६, दुप्पट ३१२, अधिक ३८१, म्हणजे ६९३ मिलिमीटर व्यास. त्याजागी पुष्कळ जण २१५/७५ आर १५ घालतात: ३२२.५ अधिक ३८१, म्हणजे ७०३.५. फरक दीड टक्का. स्पीडोमीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी आधीपेक्षा दीड किलोमीटर जास्त वेगात असेल. एवढा बदल चालून जातो. तीन टक्क्यांच्या पुढं मात्र पिकअप मरतो, ब्रेकला जास्त काम पडतं, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर चाकावरच्या आतल्या आवरणाला, म्हणजे लायनरला, घासतो.

आणि उंची किती वाढते? व्यास २० मिलिमीटर वाढला तर गाडी १० मिलिमीटरच वर जाते, कारण वाढीचा अर्धा भाग एक्सलच्या वर असतो. बोटाच्या जाडीएवढ्या उंचीसाठी एवढा खर्च करायचा का, ते ठरवा. कायद्याचंही एक बघा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. कंपनीनं त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेलं माप हा सगळ्यात सुरक्षित रस्ता. ते गाडीच्या पुस्तिकेत सापडतं. रुंद टायर काळ्या चिखलात जास्त चालेल असंही समजू नका. डांबरावर साठलेल्या पाण्यात तर रुंद टायर लवकर तरंगतो.

दुकानात

एकच टायर कधी बदलू नका. थार, जिम्नी, गुरखा यांच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडली जातात. चार टायरांचा व्यास सारखा नसेल तर फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या वेगाच्या गिअरमध्ये, त्याचा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे ती ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या पेटीवर, येतो. निदान एका एक्सलची जोडी, आणि शक्य असेल तर पाचही. स्टेपनी वेगळ्या मापाची ठेवून रानात जाऊ नका.

दुकानात गेल्यावर पाचही टायरांच्या तारखा स्वतः वाचा. वर्षाच्या आतला टायर असावा. एकाच आठवड्याचे पाच मिळाले तर उत्तम. दुकानाबाहेर उन्हात थप्पी लावून ठेवलेला टायर घेऊ नका, उन्हानं रबर कडक होतं. बिलावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. व्हॉल्व्ह नवीन बसवून घ्या. पुन्हा तेच जुने रबर व्हॉल्व्ह वापरले तर दोन महिन्यांनी हवा तिथूनच जाते. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी.

परदेशी टायरांचा हट्ट असेल तर एक लक्षात घ्या. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळं काही मापं सहज मिळत नाहीत. एक टायर कापला गेल्यावर तसाच दुसरा महिनाभर न मिळणं रोजच्या गाडीला परवडत नाही. अपोलो, सीएट, एमआरएफ, जेके यांच्याकडं एटी आहेत, योकोहामा आणि ब्रिजस्टोनसारख्या काही कंपन्या भारतात टायर बनवतात. सोलापूरच्या बाजारात आठवड्याभरात पुन्हा मिळेल असाच टायर निवडा.

कमी खर्चाचा एक मार्ग आहे. नवी गाडी घेतल्याबरोबर टायर बदलणारे पुष्कळ असतात. त्यांचे काढलेले, हजारभर किलोमीटर चाललेले टायर चांगल्या भावात मिळतात. मूळ माप, कायद्याची अडचण नाही. फक्त तारीख वाचा, आणि आतून पंक्चर जोडलंय का, बाजूला फुगवटा आहे का, हे हात फिरवून बघा. रिट्रेड केलेला, म्हणजे झिजल्यावर नवी नक्षी चढवलेला, टायर मात्र या गाडीला नको.

हवा, म्हणजे अर्धा टायर

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो. डांबरावर तोच आकडा, सकाळी, थंड टायरला, दर पंधरा दिवसांनी.

रानात शिरताना हवा कमी करायची. हवा कमी केली की टायर लांबीनं जास्त टेकतो, दगडावर मऊ होऊन बसतो, आणि गाडीचा भार पसरतो. खडबडीत मुरमावर मी २५ पर्यंत उतरवतो, मऊ वाळूत १८ पर्यंत. १५ च्या खाली नवीन माणसानं जाऊच नये, वळताना टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असताना वेग ३० च्या वर नेऊ नका आणि स्टीअरिंग झटक्यानं वळवू नका. साधा एचटी टायर १८ पीएसआयवर वाळूत जिथून जातो, तिथं ३५ पीएसआयचा एमटी रुतलेला मी डोळ्यांनी बघितलाय. सुरुवातीला कंप्रेसर घ्या म्हणालो ते यासाठीच.

डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा पूर्ण भरा. यात आळस करू नका. ‘पुढच्या पंपावर भरू’ म्हणत १८ पीएसआयवर महामार्ग धरणं उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतं. आणि फोर हाय कोरड्या डांबरावर लावून चालवू नका.

उसाच्या हंगामात, साधारण दिवाळीनंतर मार्चपर्यंत, ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर रानातली माती डांबरावर येऊन पडते. दव पडलं की पहाटे त्यावर साबणासारखी घसरण होते. कुठलाही टायर असो, तिथं वेग कमी.

बसवल्यानंतर

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला गुळगुळीत थर असतो. पहिले २००-३०० किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा. दर ८,००० किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा, स्टेपनीसकट. थारच्या पाठीवरची स्टेपनी वर्षभर उन्हात उभी असते आणि न चालताच म्हातारी होते. तिला फेऱ्यात घेतलं तर पाचही टायर सारखे झिजतात. पार्किंगला सावली नसेल तर कव्हर घाला.

महिन्यातून एकदा गाडीखाली वाकून प्रत्येक टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा. आतली बाजू कोणी बघत नाही आणि धसकटाची जखम तिथंच सापडते. काटा दिसला तर घरी उपटू नका, पंक्चरवाल्यापर्यंत जा. ट्यूबलेस टायर काट्यासकट हवा धरून असतो. मधल्या नक्षीतलं छिद्र दोरीनं भरलं तर काम चालतं, पण लांबच्या प्रवासाआधी आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखं रबरी ठिगळ, मारून घेतलेला चांगला.

नक्षीच्या खोबणीत टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आणि कायद्यानं त्याखाली टायर चालवता येत नाही. मी पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरलाच बदलतो. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांवरचा टायर सोलापूरच्या उन्हात मी ठेवत नाही. बाजूला बारीक भेगा दिसायला लागल्या तर त्याही आधी.

आणि टायर बसवून दुकानातून निघालात की ७०-८० किलोमीटरनंतर पाना काढून सगळे नट पुन्हा एकदा आवळा, स्टेपनीचेही.